जिवंतपणीचा रंग: अज्ञात

एका ओळीने दिपाली वैतीच्या डोक्यात तिडीक गेली. ओळ दुसऱ्या कोणाची असती तर तिने पान उलटलं असतं, पण ही तिच्याच नावाखाली छापली जाणार होती. ओळ इंग्रजीत होती, आणि मराठीत तिचा अर्थ एवढाच होता: जिवंतपणीचा रंग अज्ञात.

घाटकोपरच्या एका कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा, शुक्रवारची दुपार. टेबलावर शोधनिबंधाचा शेवटचा मसुदा आणि शेजारी काचेची बरणी. बरणीत स्पिरिटमध्ये बोटाएवढा मासा उभा, अंग मातकट आणि शेपटी कागदासारखी पांढरी. ट्रॉम्बेच्या चिखलातून दिपालीनेच तो आणला होता. त्याचे काटे, खवले, दात मोजून झाले, देशोदेशीच्या संग्रहालयांतल्या त्याच्या भावंडांशी ताडून झालं आणि शेवटी ठरलं, की असा मासा आजवर कोणी नोंदवलेला नाही. म्हणजे त्याला नाव द्यायचा मान हिचा आणि हिचे मार्गदर्शक डॉ. मार्तंड ओगले यांचा. निबंधावर पहिलं नाव सरांचं, दुसरं हिचं. माशाचं नावही सरांनीच ठरवलं होतं, ल्युक्युरस. ल्युकोस म्हणजे ग्रीकमध्ये पांढरा आणि ऊरा म्हणजे शेपटी. थोडक्यात, पांढरशेपट्या.

"अज्ञात?" दिपालीने कागदावर बोट आपटलं. "कोणाला अज्ञात, सर? मी बघितलाय ना. जांभळी होती शेपटी. आपल्या वांग्यासारखी."

ओगले सर मुलुंडचे, निवृत्तीला आलेले, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"माहितेय. तू सांगितलंस मला. पण लिहून कुठे ठेवलंस? फोटो आहे? नाही. मग मी छापू काय? दिपाली म्हणते?"

दिपाली आणखी चिडली.

या पोरीचा आणि या ग्रीक शब्दांचा संबंध सांगायला हवा, नाहीतर एवढ्याशा शेपटीवरून इतकी आग कशाला, असं कोणालाही वाटेल. दिपाली ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. कॉलेजात आल्यावर प्राण्यांची ती लांबलचक नावं बघून तिला वाटायचं, ही मुद्दाम आपल्यासारख्यांना बाहेर ठेवायला लावलेली कुलुपं आहेत. मुलुंड-पार्ल्याची पोरं ती नावं घडाघडा म्हणायची. अर्थ त्यांनाही कळत नव्हता, पण म्हणताना त्यांची जीभ अडखळायची नाही, आणि इथे तेवढं पुरतं. मग ओगले सरांच्या तासाला एक दिवस फळ्यावर आलं हार्पाडॉन. हार्पे म्हणजे कोयता, ओडूस म्हणजे दात. कोयतादात्या. "ओळखा कोण?" सरांनी विचारलं. कोणी ओळखेना. सरांनी सांगितलं, बोंबील.

दिपाली भर वर्गात खो खो हसली होती. जन्मापासून बोंबील चिरत आलेली ती. त्याचे ते आत वळलेले दात बोटात किती वेळा घुसले असतील. म्हणजे कोणीतरी दूरदेशीच्या माणसाने बोंबलाच्या तोंडात बघून सरळ म्हटलं, कोयतादात्या! मग चिखलात उड्या मारणारी मासळी निवटी आली, पेरिऑफ्थाल्मस, चहूकडे डोळे असलेली. खाडीतला रोहित पक्षी आला, फिनिकॉप्टेरस, किरमिजी पंखांचा. एकेक कुलूप उघडत गेलं आणि आत काय निघालं? कोळीवाड्यातली गल्ली. तिथे तरी दुसरं काय चालतं? लांबनाक्या, फेंगड्या, घारी, टकल्या. ग्रीक म्हणजे देवांची भाषा नव्हे, अंगावरची खूण बघून नाव ठेवायची खोडच ती. गल्ली तेवढी लांबची. त्या दिवसापासून दिपालीला ही भाषा आपली वाटायला लागली आणि ओगले सर आपले वाटायला लागले.

पण गल्लीतल्या नावांची एक गंमत असते. तिचा एक चुलता लहानपणी शिमग्याला चुन्याच्या पिंपात पडला, तो मरेपर्यंत चुन्याच राहिला. विज्ञानात तर याहून कडक कारभार. एकदा वर्णनासकट नाव छापलं, की ते खोटं आहे असं पुढे सिद्ध झालं तरी बदलत नाही. नियमच तसा आहे. माशाला चुन्याच्या पिंपात एकदा टाकलं की जगबुडीपर्यंत तो चुन्या.

आणि पिंपात त्याला टाकलं होतं कोणी? दिपालीने स्वतः, तिथेच तर खरी आग होती.

मासा सापडला त्या दिवशी पाणी चढत होतं. जाळीत निवट्या, खेकडे आणि हा. सरांची शिकवण होती, मासा आधी बाटलीत आणि गप्पा नंतर. ऊन असतं, अंग लगेच कुजतं, आणि कुजलेल्या माशाचे काटे मोजता येत नाहीत. फोन पिशवीत गुंडाळून होडीत ठेवलेला. तिने चिमट्याने मासा उचलला आणि झटकन फॉर्मलिनच्या बाटलीत सोडला. बाटलीच्या तोंडाशी घसरताना शेपटीचा जांभळा रंग लख्खकन दिसला. तेवढंच. घरी येऊन बघते तर पांढरी. पुढे स्पिरिटमध्ये उरलासुरला रंगही धुऊन निघाला. या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की बरणीत रंग टिकत नाही. तरी हाच धंदा बरण्यांभोवती बसून रंगावरून नावं ठेवतो. जगभरच्या संग्रहालयांत किती पांढरे, किती फिकट, किती मातकट पडून असतील आणि त्यातले किती जिवंतपणी तसे होते, देव जाणे.

"तुम्हीच शिकवलंत ना सर, आधी बाटली," दिपाली म्हणाली.

"शिकवलं. आणि हेही शिकवलं, की बाटलीत टाकायच्या आधी रंग टिपून घ्यायचा."

"एका हातात चिमटा, एका हातात बाटली, गुडघ्यापर्यंत चिखल. टिपू कशाने, दाताने?"

सर हसले नाहीत. त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. "हे बघ दिपाली. या कुळातल्या सगळ्या भावंडांच्या शेपटीवर ठिपके आहेत. बरणीतही ते जात नाहीत. याची एकट्याची कोरी पांढरी. वेगळा ओळखायची तीच खूण. उद्या जपानमधला माणूस येईल, बरणी उघडेल, त्याला पांढरी शेपटीच दिसेल. तुझं जांभळं तो कसं तपासणार?"

"म्हणजे मेलेल्याची साक्ष खरी आणि जिवंताची खोटी."

"जिवंताची साक्ष आण ना मग," सर शांतपणे म्हणाले. "सोमवार सकाळपर्यंत. त्यापुढे मी थांबू शकत नाही, का ते तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका शहरातल्या मंडळींनी एका परिषदेत अशाच माशाचा फोटो दाखवला होता, अर्थात बरणीतल्या. जो आधी छापेल त्याचं नाव टिकणार. ते पुढे गेले तर हिच्या डॉक्टरेटमधला एकुलता एक नवा शोध गेला. आणि हे दोघं पुढे गेले, तर हिच्या सहीने एक खोटं कायमचं चिकटलं. अडवायचं तर एका ईमेलचं काम होतं, सहलेखिकेची संमती नाही म्हणून कळवायचं. तेही मनात येऊन गेलं. मग सरांकडे बघितलं आणि ते तिथेच राहिलं.

घरी जाताना बसमध्ये मात्र तिला शंका यायला लागली. खरंच जांभळी होती का? ऊन कलतं होतं. बाटलीचं झाकण निळं होतं. आपल्याला हवं म्हणून तर दिसलं नसेल? एक क्षणच तर बघितलं. अज्ञात या शब्दाची हीच तर हरामखोरी आहे. आधी तो बघणाऱ्याला खोटं पाडत नाही, नुसता बाजूला सारतो. मग बघणाराच स्वतःला खोटा वाटायला लागतो.

रविवारी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, दिपाली चिखलात उतरली. सोबत कमळआत्या, बापाची थोरली बहीण. साठी ओलांडली तरी निवट्या पकडायला अजून उतरते. कासोटा वर खोचलेला, कमरेला करंडी, पाठीमागे प्लॅस्टिकचा टब दोरीने ओढत. चिखल मांडीपर्यंत. खाडीचा चिखल म्हणजे कोणाला चित्रातली शांतता वाटत असेल, तर त्याने एकदा उतरून बघावं. अख्ख्या उपनगराने नाल्यात सोडलेलं सगळं इथे येतं, डायपर, दुधाच्या पिशव्या, गणपतीच्या मखराचा थर्माकोल. त्यातूनच तिवरांची मुळं वर नाक काढतात आणि त्यातूनच निवट्या उड्या मारतात.

"एवरा शिकलीस न परत चिखलानच आलीस गो?" आत्याने विचारलं.

"मासा पायजे आत्या. जित्ता."

"कनचा?"

"बोटावरा. बिळान रेतं. शेपटी जांभळी."

आत्याने तोंड वाकडं केलं. "त्या व्हय! त्या कोन नाय खात."

"काय म्हनता तुमी त्याला?"

"काय म्हनाचा? खाव नाय, इकाव नाय, त्याला नाव कनाला?"

दिपाली थबकली. कोळीवाड्याला या खाडीतल्या एकेका जीवाचं नाव पाठ, हे ती कॉलेजात छाती फुगवून सांगायची. आणि इथे बिनकामाचा म्हणून हा अनामिक. म्हणजे गल्ली इथली असो की तिथली, नाव ठेवतात ते आपल्या गरजेपुरतं. आत्याला बाजारापुरतं, सरांना बरणीपुरतं.

"पन शेपटी तू बघितलीस ना? जांभळी हाय ना?" तिने आशेने विचारलं.

"मी शेपट्या बघत बसू का निवट्या पकडू?" आत्या पुढे सरकली. "तू न तुजा सायेब, दोघंव येडी."

झालं. ही साक्षही गेली.

बराच वेळ गेला. बिळं शेकडो, त्यात खेकडे, निवट्या, कोळंबीची पिल्लं. आत्या खांद्यापर्यंत हात घालायची, आतल्या आत चाचपायची आणि निवटी असली तर करंडीत टाकायची. पाठीला रग लागून दिपाली जरा उभी राहिली, तेवढ्यात आत्या ओरडली, "ये, यो घे तुजा जावई!"

टबमध्ये काहीतरी टपकन पडलं. दिपाली चिखल तुडवत धावली, म्हणजे चिखलात जेवढं धावता येतं तेवढी. टबच्या तळाशी बोटभर पाणी आणि त्यात मासा. गाल हलत होते. ठणठणीत जिवंत.

शेपटी पांढरी होती. कोरी, कागदासारखी, बरणीतल्यासारखी पांढरी.

दिपाली तशीच चिखलात बसली. मेल्यावर रंग उडाला असं ती सगळ्यांना सांगत होती, आणि हा तर जिवंत असून पांढरा. म्हणजे सर बरोबर होते. तिला दिसलेलं जांभळं म्हणजे कलतं ऊन आणि निळं झाकण.

"काय झाला? मेला का?" आत्याने विचारलं.

"नाय. पांढरा हाय."

"मंग? तुजा सायेबव पांढराच सांगतं ना? बरा झाला. भांडान मिटला. चल घरा."

बरा झाला! दिपालीला आत्याचा राग आला, सरांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तिने टब कलंडवला आणि मासा बिळाशेजारच्या डबक्यात सोडून दिला. पाठीमागे आत्या करंडी सावरत काहीबाही बडबडत होती. दिपाली मात्र हलली नाही. हलायची इच्छाच उरली नव्हती. डबक्याकडे नुसती बघत राहिली. मासाही हलेना, तळाला चिकटून पडलेला.

मग शेपटीच्या मुळाशी काहीतरी झालं. आधी वाटलं, चिखल आहे. करडी छटा सरकत पुढे आली, गडद झाली, आणि बघता बघता सगळी शेपटी जांभळी झाली. वांग्यासारखी. काठाला तर चमक होती.

तिने पिशवीतून फोन काढला, हात पुढे केला. हाताची सावली डबक्यावर पडली.

पांढरी!

एखाद्या माणसाच्या तोंडावरचा रंग उडावा तशी. मासा गेला बिळात.

आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मरण नव्हे, स्पिरिट नव्हे. भीती. हात आला, सावली आली, की शेपटीतला रंग पळतो. बरणीतला पांढरा रंग स्पिरिटने दिलेला नव्हता, तो मासा बाटलीत पडल्यावर घाबरून पांढरा झाला असणार आणि तसाच मेला असणार. मग त्या दिवशी बाटलीच्या तोंडाशी जांभळा दिसला तो कसा? तर जाळीतल्या गर्दीखाली तो निर्धास्त दडून होता आणि तिने त्याला उचलून टाकलाच इतका झटकन, की तोवर बिचाऱ्याला भ्यायलाही वेळ मिळाला नव्हता.

"आत्या, जरा लांब जा. सावली पाडू नको."

"आं?"

"लांब जा ना गो!"

आणि दिपाली वैती, एम. एस्सी., पालथी पडली. डायपर, थर्माकोल, सगळ्या उपनगराची घाण, त्यात पोटावर. फोन नाकासमोर धरून, कोपर रुतवून. डास कानाशी आले. चिखल ओठांना लागला. बिळाच्या तोंडाशी दोन डोळे आले, गेले, परत आले. मग अंग आलं, शेपटी आली. पांढरी. मग करडी. मग जांभळी. फोन चालू होता.

"मराचा हाय का गो तुना? पानी आला!" आत्या लांबून बोंबलत होती. खरंच पाणी पोटाखाली शिरलं होतं. दिपालीने अजून एक काम केलं. फोन तसाच चालू ठेवून दुसरा हात हळूच पुढे नेला, चौकटीत आणला. शेपटी झटक्यात पांढरी. तेही टिपलं. मग आत्याने येऊन तिची दंडाला धरून उचलबांगडी केली आणि टब तिच्या डोक्यावर उपडा घालायचं तेवढं बाकी ठेवलं.

संध्याकाळी मुलुंडला सरांचं दार वसुधाकाकूंनी उघडलं. सरांची बायको. दिपालीला ती पोरीसारखं वागवायची, पण नाक तिचं तीक्ष्ण.

"कसला गं वास येतोय?"

"खाडीचा, काकू. तीनदा अंघोळ केली. जात नाही."

"राहू दे. बस. उपमा गरम आहे."

सरांनी जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप मांडलेला. त्यांनी तो व्हिडिओ बघितला. मग पुन्हा बघितला. मग थांबवून थांबवून बघितला, आणि मधेच खिशातला रुमाल काढून पडदा पुसला, जणू रंग पडद्याला लागला असावा. दिपाली उपम्यात चमचा फिरवत त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"सुंदर आहे," सर शेवटी म्हणाले. "अतिशय सुंदर." आणि पुढच्याच श्वासात, "म्हणजे पांढरी होते. ल्युक्युरस चुकीचं नाही."

चमचा ताटलीवर आपटला. "आपण हात घातला की होते, सर! ते नाव शेपटीचं नाही, आपल्या हाताचं आहे. उद्या कोणी आपल्या घरात शिरून मानगूट धरली, तर तोंडाचा रंग उडेलच. म्हणून कायमचं नाव काय ठेवायचं, फिक्कटतोंड्या?"

काकू स्वयंपाकघरातून हसली. सर नाही हसले.

"ठीक. तुझं नाव सांग."

"पॉर्फिर्युरस. पॉर्फिरा म्हणजे जांभळा. जांभळशेपट्या."

"किती मासे बघितलेस?"

दिपालीने एक बोट वर केलं.

"एक," सर म्हणाले. "नर की मादी?"

"माहीत नाही."

"विणीचा काळ असेल तर? फक्त नराला, तेही तेवढ्यापुरता रंग येत असेल तर? पावसाळ्यात तीच शेपटी तपकिरी निघाली तर? तेव्हा कोणीतरी पालथं पडून फोटो काढील आणि म्हणेल, या वैतीबाईंना डोळे नव्हते का? नाव बदलता येणार नाही. तू माझ्यावर चिडलीस तेच तू करायला निघालीयस."

हे मात्र खरं होतं. दिपालीला ते झोंबलं ते खरं असल्यामुळेच. तिने पाणी प्यायलं. ग्रीक शिकवलं या माणसाने, आणि ग्रीक कुठे वापरू नये हेही हाच सांगतोय.

"अहो, मग रंगाचं नावच कशाला?" काकू पोळपाट पुसत दारात आली. "गावाचं ठेवा. ट्रॉम्बेचा मासा ना? ट्रॉम्बेचं ठेवा. कोणी चुकलं नाही, कोणी भांडलं नाही."

सरांचा चेहरा उजळला. "ट्रॉम्बेएन्सिस. खरंच. सुरक्षित आहे."

दिपालीलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. सही करून टाकावी आणि मोकळं व्हावं. कोळीवाड्यातही खूश होतील, आपल्या गावाचं नाव लागलं म्हणून. मग डबकं आठवलं.

"नको," ती म्हणाली. "तो पत्ता झाला, काकू. आणि पत्त्याचा काय भरवसा? तिथे उद्या भराव टाकतील, रस्ता नेतील, मग पत्ताही खोटा. मला मी बघितलेलं सांगायचंय. तो आपल्या घरात, कोणी त्रास देत नसताना, जांभळा असतो. एवढं मी बघितलं. पावसाळ्यात तपकिरी निघाला तर मी चुकले."

"आपण चुकलो," सरांनी दुरुस्त केलं. "निबंध दोघांचा आहे."

"नाही, मी. बघितलं मी."

बाहेर सोसायटीत कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते टुंटुं चाललेलं. मग सरांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "होडीत बसलं की चक्कर येते. मी दिलेली सगळी नावं बरण्यांमधून दिलीत आणि त्यातली बरीचशी बरोबर आहेत, हे लक्षात ठेव. पण मी बघितलं नाही त्याला मी माझं नाव लावणार नाही. नियमात सोय आहे. पॉर्फिर्युरस ठेवू, निबंध दोघांचा राहील. माशाच्या नावापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव लागतं, ते मात्र तुझं एकटीचं. वैती. चालेल?"

दिपालीला कळेना, हा मान आहे की हात झटकणं. सरांच्या तोंडावर दोन्ही दिसत होतं आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं. कायमचं, जगातल्या प्रत्येक यादीत, त्या शेपटीपुढे वैती. बरोबर असलं तरी वैती, आणि चुकलं तरी वैतीच. मघाशी छातीठोकपणे मी म्हणताना तिला जे सोपं वाटलं, ते आता की-बोर्डवर बोटं ठेवल्यावर जड झालं.

"चालेल," ती म्हणाली.

तिने आधी ती ओळ पुसली. अज्ञात. मग लिहायला लागली. निर्धास्त असताना शेपटी जांभळी, काठ चमकदार. हाताळल्यास किंवा सावली पडल्यास क्षणार्धात पांढरी. एकाच माशावरचं निरीक्षण, लिंग अनिश्चित, ऋतुमानानुसार फरक असू शकेल. हे शेवटचं लिहिताना तिला स्वतःचं नाव स्वतःच पोखरल्यासारखं वाटलं, पण खरं होतं, म्हणून ठेवलं. मग निरीक्षण कसं केलं ते लिहिलं. सर खांद्यावरून वाचत होते.

"हे काढ," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "चिखलावर पोटावर पालथं पडून. प्रत्यक्ष निरीक्षणाने, एवढंच लिही."

"का?"

"अगं, शास्त्रीय निबंध आहे. असं कोणी लिहीत नाही."

"सर, उभं राहून बघितलं तर त्याला पांढरीच दिसेल. तुमच्या त्या जपानवाल्याला. मग तो म्हणेल, वैती खोटारडी. त्याला कळायला नको, कसं बघायचं ते?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओळ पुन्हा वाचली. काकूने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मग पाणी किती होतं तेही घाल," ते खुर्ची ओढून बसत म्हणाले. "आणि सूर्य कुठल्या बाजूला होता ते. नाहीतर तो पालथा पडेल आणि सावली डबक्यावरच पाडेल."

दिपालीने डोळे मिटून आठवून बघितलं. मग टाइप केलं.